साहेबाच्या शेकोटीला बाहेरची हवा

चिंचणीला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत, भिंतीमध्ये, एक शेकोटी होती. समुद्र तिथून चालत पाच मिनिटांवर, आणि डिसेंबरातसुद्धा दुपारी आम्ही ओटीवर उघड्या अंगाने पडून हातपंख्याने वारा घेत असू. तरीही शेकोटी होती. ती मी बांधली होती. आणि आजही कोणी विषय काढला तर मी छाती पुढे काढून सांगतो, की त्या बांधणीत एका इंचाची चूक नव्हती. चूक असलीच तर ती अरबी समुद्राची!

गोष्ट साठच्या दशकातली. तारापूरला मोठ्या वीजकेंद्राचं काम जोरात सुरू होतं. बोईसर स्टेशनवर रोज नवी माणसं उतरत होती. कोण हिंदीत भांडत होता, कोण मद्राशीत हाका मारत होता, आणि त्यातच उन्हाने लालबुंद झालेले परदेशी इंजिनिअर जीपमधून धुरळा उडवत जात होते. मी एका कंत्राटदाराच्या कचेरीत नकाशे काढणारा ड्राफ्ट्समन होतो. (गावात मी 'इंजिनिअर' असं सांगत असे. गाव मला 'पेन्सिलवाला' म्हणत असे. आम्ही एकमेकांचं ऐकत नसू.)

आमच्या कचेरीत येणाऱ्या परदेशी साहेबाचं नाव उच्चारायला दोन जिभा लागत, म्हणून आम्ही सगळे त्याला टोमॅटोसाहेब म्हणायचो. माणूस देव होता. फक्त त्याचं इंग्रजी नाकातून निघायचं आणि माझ्या कानापर्यंत पोचेस्तोवर त्यातले निम्मे शब्द वाटेत गळून पडायचे. एकदा जेवणाच्या सुट्टीत तो खिडकीशी उभा राहून काहीतरी सांगत होता. माझ्यापर्यंत पोचलं ते असं: घर, नाताळ, बर्फ, बायको, भिंतीतली शेकोटी. आणि शेवटी एवढं नीट कळलं, की बायको लवकरच येणार आहे आणि साहेबाला गावात भाड्याने घर हवं आहे.

आमचे हेडक्लार्क गजाननराव लगेच पुढे सरसावले. "सर, माय हाऊस! बिग व्हरांडा!"

आता गजाननराव पुढे सरसावले म्हटल्यावर मी मागे राहतो की काय? त्या महिन्यात माझी नोकरी पक्की व्हायची होती आणि शिफारस करणार होता हाच साहेब. माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, माय हाऊस! फायरप्लेस!"

साहेबाने भुवया वर केल्या. खिडकीतून बाहेरच्या तापलेल्या माळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "हिअर?"

"येस सर. व्हेरी ओल्ड फायरप्लेस!"

साहेब इतका खूष झाला, की तिसऱ्या रविवारी बायकोला घेऊन बघायला येतो म्हणाला. गजाननराव माझ्याकडे असे बघत राहिले, की जणू मी कोटाच्या खिशातून हत्ती काढला.

घरी आलो आणि सगळ्यांना बातमी दिली. आई, नाना आणि माझी बायको सुमती.

"अहो," सुमती म्हणाली, "आपल्याकडे शेकोटी कुठे आहे?"

"होणार आहे."

"भिंतीत?"

"भिंतीत."

"आणि जुनी?"

"बांधल्यावर जुनी करू."

आई म्हणाली, "अरे मधू, भिंतीत कशाला आग लावतोस? अंगणात पेटव की! साहेबाला काय अंगण चालत नाय?"

नाना म्हणजे माझे वडील, प्राथमिक शाळेचे निवृत्त मास्तर. त्यांनी चष्मा काढून पुसला. (नाना चष्मा पुसायला लागले की पुढे शाळेतला प्रश्न यायचा.) "मधू, तुला शास्त्रात किती मार्क होते रे?"

"नाना, विषय तो नाही."

"विषय तोच आहे."

पण मी ऐकणाऱ्यातला नव्हे. कचेरीत एक परदेशी कॅलेंडर होतं. त्यातल्या डिसेंबरच्या पानावर खिडकीबाहेर बर्फ, आत एक म्हातारा, एक कुत्रा आणि भिंतीत बसवलेली लोखंडी पेटी. पेटीला दार, दारामागे विस्तव, आणि वर भिंतीतून निघालेलं धुराडं. मी त्या चित्रावरून नकाशा काढला. समोरून, बाजूने आणि वरून. इतका सुबक नकाशा मी प्रकल्पासाठीसुद्धा कधी काढला नव्हता. तो घेऊन बोईसरच्या लोहाराकडे गेलो.

लोहाराने नकाशा उलटासुलटा करून पाहिला. "तिजोरी हाय?"

"शेकोटी आहे."

"मंग कुलूप नको?"

भिंत फोडायला बेटेगावहून काळूराम मिस्त्री आला. त्याने भिंतीवर हात फिरवला, गाल टेकवल्यासारखं करून पाहिलं आणि म्हणाला, "दादा, भित चांगली हाय."

"म्हणूनच फोडायची. वाईट भिंतीत कोण शेकोटी बसवतं?"

काळूरामने मान हलवत घण उचलला. (माझ्या वाक्याचा अर्थ मलाही कळला नव्हता, पण मी आधी बोललो होतो.) आठ दिवसांत भिंतीत पेटी बसली, कौलांतून धुराडं वर निघालं आणि गावातली माणसं ते बघायला यायला लागली. कोणी म्हणालं, मधूने बेकरी काढली. कोणी म्हणालं, नानांच्या डोक्यावर परिणाम झालाय आणि मुलगा भोगतोय. मी कोणाला खुलासा दिला नाही. मोठी माणसं खुलासे देत नाहीत.

पहिल्यांदा पेटवली ती सकाळी. साहेबाच्या मुलखात खिडक्या बंद असतात, म्हणून मी दारं-खिडक्या लावून घेतल्या, फटींत जुनी धोतरं कोंबली. सुरूची लाकडं रचली, नारळावरची काथ्याची सोडणं घातली, काडी ओढली. आई, नाना, सुमती चटईवर रांगेत बसली होती, जणू सत्यनारायणाला.

विस्तव दोन मिनिटं बरा होता. मग तो कुढायला लागला. लाल होता तो काळा झाला आणि सगळा धूर धुराड्याच्या वाटेला न जाता पेटीच्या दारातून आमच्याकडे आला. नाना पहिले दिसेनासे झाले. नंतर आई. सुमतीचा नुसता आवाज येत होता: "अहो, दार! दार कुठाय?"

"घाबरू नका, सुरुवातीला असंच असतं!" मी म्हणालो. (काय असतं, कोणाला असतं, मला काही माहीत नव्हतं.)

नानांनी चाचपडत खिडकी गाठली आणि धोतरासकट उघडली. आणि चमत्कार! विस्तव एकदम फुलला. धूर सरळ वर चालता झाला.

नाना खोकत म्हणाले, "हे बघ. आगीला हवा लागते. खोली बंद केलीस, हवा संपली, आग गुदमरली. आता खिडकी उघडी ठेव. झालं."

"नाना, खिडकी उघडी ठेवून शेकोटी? मग ती अंगणातच काय वाईट?"

"तेच तर तुझी आई पंधरा दिवस सांगतेय!"

पण त्यांच्या बोलण्यातला मुद्दा मी उचलला. आगीला हवा लागते ना? मग देऊ! पण खोलीतली नाही. बाहेरून आणू. जमिनीखालून एक नळी काढायची, तिचं एक तोंड घराबाहेर आणि दुसरं थेट पेटीच्या पोटात. आग बाहेरची हवा खाणार, धुराड्यातून धूर सोडणार, आणि खोली बंदच्या बंद राहणार! मी हे सगळं कागदावर बाण काढून समजावलं. निळे बाण हवेचे, लाल बाण धुराचे.

"म्हणजे शेकोटीला खासगी वारा," सुमती म्हणाली. "मला स्वयंपाकघरात एक झरोका मागून चार वर्षं झाली."

मी निळे बाण जरा जाड केले.

कुंभाराकडून मातीच्या नळ्या आणल्या आणि आईने दिवाळीत चोपून, सारवून गुळगुळीत केलेली जमीन खणायला काढली. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली, ते ऐकल्यावर वाटलं दोन दिवसच बरे होते.

नळीचं तोंड कुठल्या बाजूला काढायचं, यावर काळूरामचं आणि माझं वाजलं. "दादा, उगवतीला काडा. मावळतीला दर्या हाय. वारा झोडपील."

"अरे, वाराच तर हवाय!"

"दुपारचा वारा दर्यावरनं येतो. सकाळचा जमिनीवरनं जातो. मंग सकाळी काय करशाल?"

"तू थापी चालव," मी म्हणालो. चाळीस घरांच्या भिंती बांधलेल्या माणसाला मी, एकही न बांधलेला, असं म्हणालो. आजही त्या वाक्याची मला लाज वाटत नाही, फक्त जरा अंग चोरून बसावंसं वाटतं.

नळीचं तोंड पश्चिमेला काढलं. त्या बाजूला आमच्या कुंपणाला लागून हिरूमावशीचं अंगण. हिरूमावशी मांगेल्या मच्छीमारांची. नवरा आणि दीर होडीवर, आणि आलेली मासळी सुकवून बाजारात नेणं हे तिचं राज्य. अंगणात बांबू आडवे-उभे बांधून केलेला मांडव, आणि त्यावर जबड्यात जबडा अडकवून टांगलेले बोंबील. हजारो. वाऱ्यावर हलायला लागले की पांढऱ्या तोरणांसारखे दिसायचे. दिसायचे तोरणांसारखे. वास बोंबलांसारखाच यायचा.

दुसरी परीक्षा दुपारी चारला घेतली. दर्यावरून वारा भरात आला होता. मी काडी ओढली मात्र, नळी शंखासारखी घुमायला लागली! भोंऽऽऽ! पलीकडच्या आळीतल्या कोणीतरी आरती सुरू झाली समजून टाळ्याही वाजवल्या म्हणे. पेटीतला विस्तव पिवळा झाला, मग पांढरा झाला, आणि लोखंडी दार कुंकवासारखं लाल. लोहाराच्या भात्याने लाजावं असा तो वारा. मी अभिमानाने म्हणालो, "बघा! आता आहे का धूर?"

धूर नव्हता. धुराड्यातून ठिणग्या होत्या. दिवाळीच्या झाडासारख्या. त्यातल्या दहाबारा परसातल्या पेंढ्याच्या गंजीवर जाऊन बसल्या आणि पुढच्या क्षणी हिरूमावशीची आरोळी आली, "अगो, पेंढा पेटला! काकी, हंडा आन!"

आईने हंडा आणला. सुमतीने बादली आणली. नाना आंघोळीला निघाले होते. त्यांनी आपलं तापवलेलं पाणी ओतलं. (गार पाणी आणायला नको का, असं मी त्या गडबडीत विचारलं. त्यावर नानांनी रिकामी बादली माझ्या हातात दिली.) हिरूमावशी स्वतःची घागर घेऊन कुंपणावरून आली आणि निम्मं पाणी पेंढ्यावर टाकून उरलेलं माझ्यावर टाकलं.

"मला कशाला?"

"तुजं डोकं थंड व्हावं म्हनून!"

दुसरा कोणी असता तर इथे थांबला असता. मी नळीच्या तोंडावर नारळाची करवंटी बसवली आणि तिला एक भोक पाडलं. वारा हवा तेवढा आत, बाकीचा बाहेर. आणि तिसऱ्या परीक्षेला, सांगायला आनंद होतो, की शेकोटी झकास चालली! दारं-खिडक्या बंद, ठिणगी नाही, धुराचा लवलेश नाही. आम्ही चौघं तिच्यासमोर बसून होतो. नानांच्या कपाळावरून घाम हनुवटीपर्यंत आला, तिथे थोडा थांबला आणि पंच्यावर पडला.

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

"छान आहे," नाना म्हणाले. "अंडी असती तर उबवली असती."

एकच अडचण राहिली. पेटी थंड असली की नळीतून हिरूमावशीच्या बोंबलांचा वास थेट पुढच्या खोलीत यायचा. आम्ही मासळी खाणारी माणसं, आम्हाला त्याचं काही नव्हतं. पण साहेबाच्या बायकोने पहिला श्वास बोंबलाचा घ्यावा हे मला पटेना. मी कुंपणाशी गेलो.

"हिरूमावशी, तुमचे बोंबील दोन दिवस जरा पलीकडे घेता का?"

"का रं?"

"माझ्या नळीत वास शिरतो."

"मंग तुजी नळी पलीकडं घे! बोंबील माज्या सासूच्या सासूपासून हितं हायत. तुजी नळी परवा आली."

"मावशी, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे. साहेब येणार आहे."

"येऊ दे. साहेबाला नाक हाय तर तोंड बी आसंल!"

मी म्हणालो, ठीक आहे. साहेब येईपर्यंत करवंटीचं भोक चिंधीने बुजवतो, शेकोटी पेटवायच्या वेळी करवंटीच काढून टाकतो. मला हरवणं सोपं नव्हतं.

रविवारी सकाळी नऊ वाजता जीप आली. साहेब आणि मॅडम. साहेबाने कोट घातला होता, कारण फायरप्लेससमोर बसायचं होतं. मी कोट घातला होता, कारण साहेबाने घातला असणार हे मला ठाऊक होतं. आईने हळदीकुंकू तयार ठेवलं होतं ते मॅडमला लावलं, सुमतीने चहा आणला. मी दारं-खिडक्या बंद केल्या. बाहेर जाऊन करवंटी काढली, आत येऊन काडी ओढली.

सुरूची लाकडं तडतडली. खोलीत धुराची रेघसुद्धा नाही! साहेब म्हणाला, "वंडरफुल!" मॅडम पण काहीतरी म्हणाली, त्यातला 'होम' एवढा शब्द मला मिळाला. माझी छाती इतकी फुगली, की कोटाचं मधलं बटण उडून चहाच्या ट्रेमध्ये पडलं.

मात्र एक गोष्ट जरा वेगळी दिसत होती. ज्योत वर धुराड्याकडे जायच्या ऐवजी मागे आणि खाली वाकत होती. नळीकडे. जणू नळीच्या पाया पडत होती.

नाना बाहेरून आले. माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "मधू, धूर कुठे जातोय?"

"धुराड्यातून, नाना."

"धुराडं मी आत्ताच पाहिलं. त्यावर कावळा बसलाय. आरामात."

मी अजून उत्तर जुळवतो आहे तोच पश्चिमेकडून हिरूमावशीचा आवाज आला. तो आवाज मी शब्दांत लिहू शकत नाही. होडीवरच्या माणसाने ऐकावा म्हणून घडलेला आवाज तो. मग कुंपण मोडल्याचा आवाज. मग आमचं दार धाडकन उघडलं आणि हिरूमावशी डोक्यावर पाटी घेऊन आत. पाटीत बोंबील. पांढरे नव्हेत. तपकिरी, काळपट, काही तर थेट नानांच्या छत्रीच्या रंगाचे!

"ह्ये बघ!" तिने पाटी साहेबाच्या बुटांपाशी आदळली. "ह्ये बघ तुज्या नळीचे परताप! तीन दिसांचं सुकवण! उद्या बाजारात काय नेऊ, तुजं थोबाड?"

"मावशी, वारा फिरला, त्याला मी काय करू?"

"वारा रोजच फिरतो! सकाळी जमिनीवरनं, दुपारी दर्यावरनं! होडीत बसलेल्या कोंबडीला बी ठाऊक हाय! आनि तू शिकलेला!"

साहेबाने मला विचारलं, ही काय म्हणतेय? आता खरं सांगितलं असतं तर नोकरी गेली असती. मी म्हणालो, "सर, शी इज सेइंग, वेलकम."

साहेबाने हिरूमावशीला वाकून नमस्कार केला.

"ह्यो काय वाकतोय?" मावशी म्हणाली. "इच्यार त्याला, त्याच्या मुलखात आसं चालतं का?"

"सर, शी इज आस्किंग, हाऊ यू लाइक अवर व्हिलेज?"

"लव्हली!" साहेब म्हणाला.

"काय म्हनला?"

"म्हणाला, फार वाईट झालं."

"मंग हसतोय कशाला?"

इथे माझं भाषांतर संपलं. सुमती कोपऱ्यात पदर तोंडात कोंबून उभी होती. मला वाटलं रडतेय. आणि तेवढ्यात साहेबाने खाली वाकून पाटीतला एक काळा बोंबील उचलला. हुंगला. मॅडमला दिला. मॅडमने हुंगला. दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं, जसं गावाकडचं पत्र आल्यावर माणसं बघतात. त्यांच्या मुलखात, साहेबाने मला सावकाश, एकेक शब्द सुटा करून समजावलं, मासे असेच धुरावर धरतात. त्याची आजी धरायची. इथे येऊन दीड वर्ष झालं, तो वास त्याला आजच भेटला.

हे मी मावशीला सांगितलं, तेव्हा मात्र अक्षर न अक्षर खरं सांगितलं. मावशीने साहेबाकडे नखशिखांत पाहिलं. "त्याची आजी बी मासळीवाली?"

"असेल."

"मंग हितं भट्टीत कशाला बसवलास त्याला? घाम बघ किती आलाय! चल रं बाबा, भाजून देते तुला."

आणि साहेब गेला! मॅडमसुद्धा! हिरूमावशीच्या अंगणात, उघड्या वाऱ्यात, खाटेवर बसून दोघांनी तांदळाच्या भाकरीबरोबर ते काळे बोंबील खाल्ले. साहेबाने कोट काढला, मग टाय काढला, मग बूट काढले. आमची आईसुद्धा लोणचं घेऊन तिकडेच गेली. आत बंद खोलीत, धगधगत्या शेकोटीसमोर, बटण तुटलेल्या कोटात मी एकटा. शेकोटी सोडून जावं तर बोंबील खाणाऱ्यांसमोर हार मानल्यासारखं झालं असतं. मी बसून राहिलो. तासभर. वितळलो, पण उठलो नाही.

जाताना साहेब म्हणाला, घर फार छान आहे, फक्त जरा गरम आहे. पुढच्या आठवड्यात तो गजाननरावांकडे राहायला गेला. त्या घराच्या व्हरांड्याला चारही बाजूंनी वारा आणि एकही दार धड लागत नाही! माझी नोकरी मात्र पक्की झाली. शिफारशीत साहेबाने मला 'अतिशय उत्साही' म्हटलं होतं, असं गजाननरावांनी सांगितलं आणि सांगताना ते खोकल्यासारखं काहीतरी करत होते.

शनिवारी संध्याकाळी हिरूमावशी कुंपणाशी उभी. "मधू, उद्या सकाळी पेटव."

"काय?"

"तुजी ती भट्टी. साहेबाचा डायवर आलता. आनखी बोंबील पायजेत, तसेच काळे."

"मावशी, ती शेकोटी आहे, भट्टी नाही! शास्त्र आहे त्यात!"

"मंग शास्त्र पेटव!"

मी साफ नकार दिला. आई आतून म्हणाली, "बाईचं तीन दिसांचं सुकवण कोणी नासलं? तिने भरपाई मागितली का? पेटव गपचूप." नाना चष्मा पुसायला लागले. सुमती म्हणाली, "अहो, पेटवा ना. नाहीतरी ती एवढंच करते."

मग मी ठरवलं, की करायचंच तर शास्त्रशुद्ध करायचं! काळूरामला बोलावून नळी दुप्पट रुंद केली आणि तिचं तोंड थेट मांडवाखाली नेलं. नवा नकाशा काढला, त्यात लाल बाणांची दिशा उलटी केली. (काळूराम म्हणाला, "दादा, मी सांगतलं हुतं." मी म्हणालो, "तू थापी चालव.") धूर नळीतून नीट जावा म्हणून दारं-खिडक्या बंद ठेवून आत कोणीतरी सतत लाकडं सारत बसणं भाग होतं. आई बसेना, नाना बसेनात, सुमतीला विचारायची माझी छाती झाली नाही. म्हणून त्या हिवाळ्यातला प्रत्येक रविवार सकाळी सहा ते दहा मी त्या खोलीत बसून काढला.

अशाच एका रविवारी मॅडम एकटीच पाटी न्यायला आली. मी नुकताच बाहेर पडलो होतो. अंगात भोकं पडलेलं बनियन, कमरेला पंचा, डोळे लाल, आणि बाकी सगळा काळा. मॅडमने दचकून हिरूमावशीला खुणेने विचारलं, हा कोण?

मावशी बोंबील मोजता मोजता म्हणाली, "ह्यो? ह्यो माजा चूलवाला."

मॅडमला शब्द कळले नसतील, भाव बरोबर कळला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. (धूर होताच थोडा.) तिने पिशवीतून एक परदेशी चॉकलेट काढलं आणि लांबूनच माझ्या हातावर ठेवलं.

आता मात्र माझा स्वाभिमान पेटला. मी मान ताठ केली, पंचा घट्ट केला आणि शुद्ध, खणखणीत इंग्रजीत म्हणालो, "मॅडम, आय ॲम अ ड्राफ्ट्समन!"

मॅडमने कळवळून मान हलवली आणि मला आणखी एक चॉकलेट दिलं.